बागकाम नव्याने सुरू करताना सगळ्यात आधी काय शिकावे?

नवी_पालवी

नमस्कार मंडळी. बागकामात मी अगदी नवखी आहे. गेल्या चार महिन्यांत आणलेल्या पाच रोपांपैकी चार माझ्या हातून गेली, म्हणून हा धागा काढते आहे. आधी गुलाब गेला, मग शेवंती, मग कोरफड आणि शेवटी रोझमेरी. आता फक्त जास्वंद उरली आहे आणि तिचीही खालची पाने पिवळी पडून गळू लागली आहेत. मी हयगय केली असती तर मनाला लागले नसते; पण रोज सकाळी उठल्यावर पहिले काम म्हणून मी सगळ्या कुंड्यांना भरपूर पाणी घालत आले आणि त्यात एकही खाडा होऊ दिला नाही. पाने मलूल दिसली तर संध्याकाळी पुन्हा थोडे पाणी घालत असे.

माझी जागा म्हणजे एक गॅलरी. सकाळी तिथे ऊन येते आणि दुपारनंतर सावली असते. माहिती शोधायला गेले की कोणी मातीपासून सुरुवात करायला सांगते, कोणी खतापासून, तर कोणी बियांपासून. नवशिक्याने आधी एकच गोष्ट नीट शिकायची झाली तर ती कोणती, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

मोजूनमापून

उत्तर देण्याआधी तीन गोष्टी विचारतो. कुंडीच्या तळाला भोक आहे का आणि ते मोकळे आहे का? कुंडीखाली बशी असेल तर तिच्यात पाणी साचून राहते का? आणि बोटाची दोन पेरे मातीत खुपसली तर आत काय हाताला लागते?

नवी_पालवी

भोक आहे. बशीही आहे आणि तिच्यात बहुतेक वेळ पाणी असते. झाड ते सावकाश पिऊन घेईल, अशी माझी समजूत होती. बोट आत्ताच घालून पाहिले. वरचा थर सुकून फिकट दिसतो, पण आतली माती गार आणि चिकट आहे आणि बोटाला कुजल्यासारखा वास आला.

शेतकऱ्याची_लेक

ताई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्या वासातच आहे. एकच गोष्ट शिकायची असेल तर 'वाफसा' ओळखायला शिका, असे मी सांगेन.

शेतकरी चांगला पाऊस झाला तरी लगेच पेरणीला धावत नाही, रानाला वाफसा येण्याची वाट पाहतो. जमिनीत ओल आहे, पण मातीच्या कणांमधल्या पोकळ्या पाण्याने गच्च भरलेल्या नाहीत, त्यांत हवाही खेळते आहे, अशा अवस्थेला वाफसा म्हणतात. मुळे पाणी शोषतात हे सर्वांना ठाऊक असते. मुळे श्वासही घेतात, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. सगळ्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळांना प्राणवायू मिळत नाही, ती गुदमरतात आणि मग कुजवणाऱ्या बुरशींना आयते रान मिळते. कुजलेल्या मुळाला पाणी ओढता येत नाही, त्यामुळे चिखलात उभे असलेले झाडही तहानलेल्या झाडासारखेच मान टाकते. आपण ती मान बघून पुन्हा पाणी घालतो आणि उरलीसुरली हवाही घालवून बसतो. तुम्ही संध्याकाळी घातलेले पाणी मायेपोटी घातलेले होते, पण त्याचा परिणाम असा उलटा झाला असणार.

कुंडीतला वाफसा हाताने ओळखता येतो. दोन पेरे खोलीवरची चिमूटभर माती काढून मुठीत दाबावी. तळहाताला पाणी सुटले तर माती फार ओली आहे, तिला हात लावू नये. गोळा झाला आणि बोटाने हलकेच टोकल्यावर तो भुसभुशीत होऊन फुटला, तर वाफसा आहे. गोळाच होत नसेल तर पाण्याची वेळ झाली आहे, असे समजावे. आठ-दहा दिवस हे केले की पुढे नुसत्या बोटाच्या स्पर्शाने कळू लागते.

मोजूनमापून

वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत आहे. त्यात एक जोड देतो. पाणी घातल्यावर बशीत उतरलेले पाणी अर्ध्या तासाच्या आत ओतून टाकावे. आणि पाणी घालण्याआधी व नंतर कुंडी दोन्ही हातांनी किंचित उचलून पाहावी. ओल्या आणि सुक्या कुंडीच्या वजनातला फरक एकदा हाताला कळला की लहान कुंड्यांच्या बाबतीत बोट घालण्याचीही गरज उरत नाही.

चौथा_मजला

वाफसा महत्त्वाचा आहेच, पण माझ्या मते पहिली पायरी त्याच्याही आधी येते आणि ती म्हणजे उजेड. पाणी चुकले तर उद्या सुधारता येते. पण ज्या जागी ऊनच पोहोचत नाही, तिथे गुलाब लावला तर कितीही जीव ओतला तरी तो फुलणार नाही.

'सकाळी ऊन येते' या माहितीवर झाड निवडता येत नाही. सुट्टीचा एक दिवस काढा, सकाळपासून दर तासाला गॅलरीत जा आणि ऊन नेमके कुठून कुठपर्यंत आहे ते कागदावर मांडा. मी हे प्रथम केले तेव्हा 'भरपूर ऊन' समजत असलेल्या माझ्या कोपऱ्यात प्रत्यक्षात जेमतेम अडीच तास ऊन होते आणि कठड्यालगतच्या हातभर पट्टीत मात्र पाच तास होते. टोमॅटो, मिरची, गुलाब यांसारख्या फळ-फुलझाडांना दिवसाचे किमान सहा तास थेट ऊन लागते. पालेभाज्या आणि पुदिना तीन-चार तासांतही भागवून घेतात.

आपला डोळा या बाबतीत फार फसवतो, कारण बुबुळ कमी उजेडाशी चटकन जुळवून घेते. भर दुपारी उघड्यावर सुमारे 1 लाख लक्स इतका प्रकाश असतो, तर आपल्याला लख्ख वाटणाऱ्या खोलीत खिडकीपासून थोडे आत गेले की तो काही शे लक्सवर येतो. आपल्याला जो फरक किरकोळ वाटतो, तो झाडाच्या दृष्टीने शंभरपटींहून अधिक असू शकतो. शिवाय सूर्याचा मार्ग ऋतूनुसार सरकतो, त्यामुळे ही मांडणी वर्षातून निदान दोनदा करावी.

आणखी एक. उजेड आणि पाणी या वेगळ्या गोष्टी नाहीत. उन्हातले झाड पानांवाटे भराभर पाणी सोडते, त्यामुळे माती लवकर सुकते. सावलीत तेच पाणी कित्येक दिवस मुरून राहते. म्हणून 'या झाडाला आठवड्यातून किती वेळा पाणी घालायचे' या प्रश्नाला कोणीही प्रामाणिक उत्तर देऊ शकत नाही.

जुनी_कुंडी

चर्चा उत्तम चालली आहे. मी बरीच वर्षे कुंड्या भरतो आहे आणि नेहमी तळाशी दोन-तीन इंच खडे किंवा विटांचे तुकडे घालतो, म्हणजे निचरा चांगला होतो. नवी_पालवी यांनी कुंडी पुन्हा भरताना हे अवश्य करावे, असे सुचवतो.

मुळाक्षर

काका, तुमच्या अनुभवाचा आदर राखून इथे असहमती नोंदवते, कारण नवशिक्यांना हाच सल्ला सर्वाधिक वेळा मिळतो आणि त्याने नुकसान होते. बारीक कणांच्या मातीतले पाणी खालच्या मोठ्या खड्यांमध्ये सहजासहजी उतरत नाही. मातीचा थर पूर्ण भिजून पाणी जड होईपर्यंत ते वरच अडून राहते, आणि खड्यांनी जागा व्यापल्यामुळे हा चिखलाचा पट्टा उलट मुळांच्या आणखी जवळ येतो.

घरच्या घरी एक प्रयोग करून पाहता येतो. भांडी घासायचा आयताकृती स्पंज पाण्यात पूर्ण भिजवा आणि आडवा धरा. थोडे पाणी ठिबकेल आणि थांबेल. मग तोच स्पंज, अजिबात न दाबता, उभा धरा. पुन्हा पाणी ठिबकू लागेल. पाणी तेवढेच, स्पंज तोच, फक्त उंची वाढली. कुंडीतल्या मातीचेही असेच आहे. मातीचा थर जितका उंच, तितका तिचा वरचा भाग मोकळा राहतो. खडे घालून आपण त्या थराची उंची कमी करतो. निचरा हवा असेल तर तो संपूर्ण मातीतच असला पाहिजे.

जुनी_कुंडी

मुळाक्षर, स्पंजचा प्रयोग लगेच करून पाहिला आणि तुम्ही म्हणता तसेच घडले. माझ्या झाडांना त्रास झाला नाही याचे कारण बहुधा माझ्या कुंड्या उंच आणि मातीच्या आहेत, त्यांच्या भिंतींतूनही पाणी उडून जाते. भोकावर एखादी बाकदार खापरी ठेवावी का? माती वाहून जाऊ नये म्हणून ती मला गरजेची वाटते.

मुळाक्षर

एक खापरी किंवा जाळीचा तुकडा जरूर ठेवावा, त्याने पाण्याची वाट बंद होत नाही. आणि भाजलेल्या मातीच्या कुंडीबद्दल तुम्ही अगदी योग्य बोललात. ज्यांचा हात पाण्याला सैल आहे त्यांच्यासाठी तीच कुंडी बरी, आणि ज्यांना पाणी घालायचे लक्षात राहत नाही त्यांच्यासाठी प्लास्टिकची.

ओंजळभर_माती

निचऱ्याचा विषय निघालाच आहे तर मिश्रणाबद्दल लिहितो. जमिनीतली नुसती माती खणून कुंडीत भरू नये. जमिनीत ती गांडुळे, मुळे आणि खोली यांच्या आधाराने मोकळी राहते. कुंडीत काही पाण्यांतच बसून घट्ट होते. मी तीन भाग करतो: एक भाग चाळलेली बागेची माती, एक भाग पूर्ण कुजलेले कंपोस्ट किंवा गांडूळखत, आणि एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) व जाडसर वाळू मिळून. कोरफडीसारख्या झाडांसाठी वाळू निम्म्यापर्यंत वाढवतो. कोकोपीट स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरून ठेवते, त्यामुळे ज्यांच्याकडून पाणी जास्त होते त्यांनी ते बेतानेच वापरावे. आणि त्यात क्षार असू शकतात, म्हणून एक-दोनदा धुऊन, पिळून घ्यावे.

खत 'पूर्ण कुजलेले' असावे, यावर मी मुद्दाम भर देतो आहे. ताजे शेण किंवा स्वयंपाकघरातला ओला कचरा थेट कुंडीत घातला तर कुजताना तो तापतो, आणि त्यासोबत वाळकी पाने, भुसा असेल तर कुजवणारे जिवाणू मातीतले नत्र स्वतःसाठी ओढून घेतात. तयार खत काळपट, भुसभुशीत असते आणि त्याला पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो. मूळ पदार्थ ओळखू येत असेल, तर ते अजून तयार नाही.

हिरवी_खिडकी

थोडे सुरक्षिततेबद्दल. ओल्या मातीचे वजन एका लिटरला साधारण दीड किलो किंवा त्याहूनही अधिक भरते, म्हणजे 20 लिटरची एक कुंडी तीस किलोंच्या घरात जाते. गॅलरीत कुंड्या वाढवताना हा हिशेब करावा आणि कठड्यावर कुंडी ठेवू नये. तसेच घरात लहान मूल किंवा पाळीव प्राणी असेल तर कण्हेर टाळावी, तिचे सर्व भाग विषारी असतात. डिफेनबाखिया या शोभेच्या झाडाचे पान चावल्यास तोंडाची भयंकर आग होते, आणि खऱ्या लिलीचे परागकणही मांजरासाठी जीवघेणे ठरू शकतात.

नवी_पालवी

सर्वांचे मनापासून आभार. आज धीर करून जास्वंद कुंडीतून बाहेर काढली. मातीचा गोळा खालच्या बाजूला काळपट होता. काही मुळे पांढरट आणि टणक आहेत, पण बरीचशी तपकिरी झाली आहेत आणि बोटांनी हलकेच ओढले की त्यांचे साल निसटून आत केसासारखा एक धागा उरतो. ते पाहून फार वाईट वाटले. हे झाड आता वाचेल का? कोणी तरी तातडीने सांगावे. खत घातले तर उभारी येईल का?

शेतकऱ्याची_लेक

पांढरी मुळे शिल्लक आहेत, म्हणजे आशा आहे. कात्री स्पिरिटने पुसून घ्या आणि साल निसटणारी सगळी मुळे निरोगी भागापर्यंत कापून टाका. जेवढी मुळे गेली त्या मानाने फांद्याही एक तृतीयांश छाटा, कारण उरलेल्या मुळांना तेवढी पाने पोसता येणार नाहीत. जुनी माती फेकून द्या, कुंडी धुऊन वाळवा. नवी कुंडी मुळांच्या गोळ्यापेक्षा बोट-दोन बोटेच मोठी असावी. मोठ्या कुंडीत मुळे पोहोचत नाहीत तिथली माती ओलीच राहते आणि पुन्हा तेच दुखणे उद्भवते. भरून झाल्यावर एकदा पाणी द्या, निथळू द्या, आणि आठवडाभर उजेड असलेल्या सावलीत ठेवा. खत मात्र अजिबात घालू नका.

मुळाक्षर

'खत अजिबात नको' याचे कारण सांगावेसे वाटते. खत म्हणजे झाडाचे अन्न, या समजुतीमुळे आपण आजारी झाडाला खत भरवायला जातो. झाड आपले अन्न पानांत स्वतः तयार करते, तेही हवा, पाणी आणि प्रकाश यांपासून. सतराव्या शतकातले रसायनशास्त्रज्ञ यान बाप्टिस्टा व्हान हेल्मोंट यांचा एक जुना प्रयोग या संदर्भात मला नेहमी आठवतो. त्यांनी सुमारे 90 किलो वाळवलेली माती कुंडीत भरून त्यात विलोचे सव्वादोन किलोंचे रोप लावले आणि पाच वर्षे त्याला फक्त पाणी घातले. पाच वर्षांनी झाड सुमारे 76 किलोंचे झाले होते, आणि माती पुन्हा वाळवून तोलली तेव्हा तिच्यात जेमतेम 57 ग्रॅमची घट होती. हा प्रयोग 1648 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. झाड पाण्यापासूनच बनते असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि तो अपुरा होता, कारण हवेतल्या कर्बवायूचा वाटा तेव्हा कोणाच्या ध्यानात आलेला नव्हता. पण मातीतून झाडाच्या वजनात किती थोडी भर पडते, हे त्या 57 ग्रॅमवरून स्पष्ट दिसते.

नत्र, स्फुरद, पालाश आणि इतर खनिजे थोडीच लागतात, पण ती लागतातच, म्हणून वाढत्या झाडाला खत द्यावे. मुळे दुखावलेली असताना खताचे क्षार मात्र मुळांतून पाणी बाहेर ओढतात आणि दुखणे वाढते. नवे पान फुटून मोठे होईपर्यंत थांबावे, हे उत्तम.

पेरते_व्हा

मूळ प्रश्नाकडे येतो. माझे मत थोडे वेगळे आहे. नवशिक्याने तयार रोपे आणूच नयेत, बियांपासून सुरुवात करावी. रोपवाटिकेतले रोप दुसऱ्या कोणाच्या तरी देखरेखीत, वेगळ्या हवेत वाढलेले असते. ते आपल्याकडे येऊन का कोमेजले, हे नवख्याला कळत नाही. बी पेरले की झाडाचा सगळा प्रवास आपल्या डोळ्यांसमोर घडतो आणि एखादे बी फुकट गेले तरी जिवाला चटका लागत नाही.

बी त्याच्या जाडीच्या दोन-तीन पट खोल पेरावे, हा साधा नियम बहुतेक ठिकाणी चालतो. अगदी बारीक बियांवर माती लोटू नये, नुसते दाबून बसवावे. लेट्यूससारख्या काही बियांना तर उगवायला उजेड लागतो. कोथिंबिरीचा धणा म्हणजे खरे तर फळ असते आणि त्यात दोन बिया असतात, म्हणून तो हलका रगडून दोन भाग करून पेरावा.

चौथा_मजला

पेरते_व्हा, तुमचा मुद्दा समजतो, पण बियांचा मार्ग मला नवशिक्यासाठी अधिक खडतर वाटतो. माझी पहिली रोपे उगवली छान, मग आठ दिवसांत दोऱ्यासारखी लांबट होऊन आडवी पडली, कारण त्यांना उजेड पुरत नव्हता आणि ती उजेडाच्या शोधात नुसती उंच होत होती. दुसऱ्या खेपेला उजेड दिला, तर जास्त ओलीमुळे बुरशी लागून रोपे बुंध्याशी करकोचल्यासारखी बारीक झाली आणि एका रात्रीत कोलमडली. त्यापेक्षा पुदिन्याची किंवा मनी प्लांटची फांदी पेराखाली, म्हणजे पान फुटते त्या गाठीखाली, कापून पाण्यात ठेवावी. एक पेर पाण्यात बुडालेले असावे, पाने पाण्याबाहेर असावीत, आणि पाणी दोन-तीन दिवसांनी बदलावे. पुदिन्याला साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत मुळे फुटतात आणि पारदर्शक बाटलीत ती दिसतातही. निरोगी मूळ कसे दिसते, हे ज्याने पाहिले आहे त्याला आजारी मूळ लगेच ओळखता येते.

पेरते_व्हा

हा शेवटचा मुद्दा मला मान्य आहे. बी आणि फांदी दोन्ही एकाच वेळी करून पाहावे, असे मी माझे म्हणणे दुरुस्त करतो.

हिरवी_खिडकी

कीड हा विषय राहिला. कोवळ्या शेंड्यावर मावा (रस शोषणारे बारीक किडे) दिसला की घाबरून औषध फवारू नये. आधी पाण्याच्या बारीक धारेने धुऊन काढावा. परत आला तर एक लिटर कोमट पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि द्रव साबणाचे काही थेंब घालून, ढवळत राहून, उन्हे उतरल्यावर पानांच्या खालच्या बाजूने फवारावे. पण आधी एका पानावर चाचणी घ्यावी. खोडावरून मुंग्यांची रांग दिसली तर मावा कुठे तरी आहे असे समजावे, कारण त्याच्या गोड स्रावासाठी मुंग्या त्याची राखण करतात. लाल पंखांचे ठिपकेदार ढालकिडे दिसले तर त्यांना राहू द्या, ते आणि त्यांच्या अळ्या मावा फस्त करतात.

मोजूनमापून

जास्वंदीची खबर कळवावी.

नवी_पालवी

कळवायला उशीर झाला, क्षमस्व. कुंडी बदलून आज सव्वीस दिवस झाले. पहिले दहा दिवस एकेक पान गळतच होते आणि प्रत्येक वेळी हात झारीकडे जात होता. पण बोट घातले की ओल लागायची, म्हणून स्वतःला थांबवले. या सव्वीस दिवसांत मी तिला फक्त पाच वेळा पाणी घातले. बाराव्या दिवशी छाटलेल्या फांदीच्या टोकाखाली, जुन्या पानाच्या देठापाशी, मोहरीएवढा हिरवा ठिपका दिसला. आज तिथे तीन पाने आहेत, अजून तांबूस आणि चुरगळलेली, पण सर्वात मोठे पान माझ्या अंगठ्याच्या नखाएवढे झाले आहे.

रविवारी उन्हाची मांडणीही केली. कठड्याजवळ सकाळी साडेसात ते पावणेबारा, म्हणजे सव्वाचार तास ऊन येते. भिंतीलगत दीड तासही नाही. माझा गुलाब मी भिंतीलगत ठेवला होता आणि कोरफडीला त्याच्याइतकेच पाणी घालत होते, हे आता लक्षात येते. आता कठड्यालगत, खाली जमिनीवर, जास्वंद ठेवली आहे. तिला सहा तास मिळणार नाहीत, त्यामुळे फुले कमी येतील याची तयारी आहे. बाटलीत पुदिन्याच्या चार फांद्या आहेत, त्यांतील तिघींना मुळे फुटली आहेत. ती मातीत केव्हा लावावीत?

चौथा_मजला

मुळे बोटाच्या एका-दोन पेरांइतकी झाली की लगेच लावा. पाण्यातच फार लांब वाढू दिली तर मातीत रुजायला त्यांना अधिक वेळ लागतो. पहिला आठवडा सावलीत ठेवा आणि या एका आठवड्यात माती नेहमीपेक्षा थोडी अधिक ओलसर राहू द्या, कारण ती मुळे आजवर पाण्यातच वाढलेली आहेत. पसरट कुंडी निवडा आणि पुदिन्याला स्वतंत्र ठेवा, तो शेजारच्या झाडाची जागा बळकावतो.

शेतकऱ्याची_लेक

आणि ताई, चौथ्या फांदीचे पाण्यातले टोक अर्धा इंच वर नव्याने तिरपे कापून, दुसरे पेर पाण्यात जाईल अशी ठेवून पाहा. बुडाशी काप मऊ पडला असेल तर तिथून मूळ फुटत नाही.